फॉरमॅट केल्यावर फोटो जातात कुठे?

गेल्या वर्षी पुतणीच्या बारशाला ताईने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, तो क्षण मी टिपला. तासाभराने पंगतीच्या गडबडीत कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड बदलताना घोळ झाला आणि रिकामं समजून मी तेच कार्ड फॉरमॅट केलं. पंगतीचे दोन फोटो काढल्यावर चूक लक्षात आली. कॅमेरा बंद केला, कार्ड काढून खिशात ठेवलं.

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, असं आपण धरून चालतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तसं होत नाही. कार्डाच्या सुरुवातीला एक नोंदवही असते: कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे, कोणते कप्पे मोकळे आहेत. कोरी होते ती ही वही. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा फाटला तरी शेत जागेवरच असतं, तसे फोटो कार्डात पडून राहतात. फक्त ती जागा आता बेवारस ठरते आणि पुढचा फोटो खुशाल तिथे येऊन बसतो. (काही कॅमेऱ्यांतलं 'लो लेव्हल फॉरमॅट' मात्र कप्पेही खरोखर पुसतं.)

कार्डाच्या आत असते फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधली. अतिसूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ती माहिती धरते, म्हणून बॅटरी काढली तरी फोटो राहतात. पण एक अक्षर पुसायला अख्खी पाटी धुवावी, तसा तिच्यात एका वेळी मोठा ठोकळाच पुसावा लागतो. प्रत्येक लिहिण्या-पुसण्यात इलेक्ट्रॉन ज्या पातळ थरातून ये-जा करतात, तो थोडा झिजतो. ही झीज कार्डातली कंट्रोलर नावाची चिप सगळीकडे वाटून देते. वरचेवर फॉरमॅट केल्याने कार्ड लवकर खराब होतं, ही भीती मला तरी पटत नाही. शेकडो फोटोंच्या लिखाणापुढे नोंदवहीचं लिखाण किती असणार?

उलट फोटो दोन ठिकाणी उतरवून झाले की कार्ड फॉरमॅट करावंच, आणि तेही कॅमेऱ्यात. एकेक फोटो खोडत गेलं की मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते, नवे फोटो त्या फटींमध्ये विखुरतात. शिवाय ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांना फॅट-३२ आणि त्यापुढच्या एसडीएक्ससी कार्डांना एक्सफॅट अशी नोंदवहीची मांडणी ठरलेली आहे. कॉम्प्युटरवर भलतीच मांडणी निवडली गेली, तर कॅमेरा कार्ड ओळखत नाही.

त्या रात्री मी फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं. ते नोंदवहीकडे बघतच नाही. जेपीईजी प्रकारच्या प्रत्येक फोटो-फाइलची सुरुवात ठरावीक बाइटनी होते, ती खूण शोधत ते कार्डभर फिरतं. फायलींची नावं गेली होती, पण ताई बाळाच्या कानाशी वाकलेली दिसली. सुरुवातीचे दोन, पाळणा सजवतानाचे, मात्र आले नाहीत. त्यांच्या जागेवर पंगत बसली होती.