बराक (सोलापूरच्या संदर्भात)

सैनिकांना एकत्र राहण्यासाठी बांधलेली इमारत. बोलण्यात बहुधा अनेकवचनच येते : बराकी. शब्द इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो फ्रेंचमधून गेला आणि मूळ अर्थ अगदी साधा, झोपडी. आपल्या ‘छावणी’चे कूळही तेच. छावणे म्हणजे छप्पर शाकारणे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली मराठी फौज पावसाळ्यात एका जागी छपरे घालून राही, त्याला ‘छावणी करणे’ म्हणत.

सोलापुरात पूर्वी शिबंदी भुईकोट किल्ल्यात असे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोने किल्ला घेतला आणि पुढे गावाबाहेर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींची छावणी पडली. कंपनीच्या छावण्यांत राहण्याची सोयही रंगावरून ठरे. गोऱ्या सोजिरांना पक्क्या बराकी : जाड भिंतींचा एकच लांबलचक दालनवजा सोपा, बाजूंनी पडवी, वर झरोके आणि भिंतीलगत खाटांची रांग. देशी शिपायाने मात्र सरकारकडून मिळणाऱ्या किरकोळ रकमेत आपली कुडाची खोपटी आपणच उभारायची. या खोपट्यांच्या रांगा म्हणजे ‘लाइनी’. पोलीस लाइन, रेल्वे लाइन्स ही सोलापुरी नावे याच वळणाची.

पक्क्या बराकीही आरोग्याला बऱ्या नव्हत्या. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. त्यानुसार गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ माणसे दरसाल मरत होती, बहुतेक लढाईत नव्हे तर रोगराईने. गर्दी, कोंदट हवा आणि घाण पाणी ही त्यातली ठळक कारणे. त्यानंतर बराकी ऐसपैस आणि हवेशीर बांधण्यावर भर आला.

बराकींना सेनापतींची किंवा जिंकलेल्या लढायांची नावे देण्याची इंग्रजांची रीत. अशी नावे राज्याबरोबर पालटतात. निलगिरीतील वेलिंग्टन बराकींना पुढे स्वतंत्र भारताचे एक लष्करप्रमुख जनरल श्रीनागेश यांचे नाव मिळाले. श्रीनागेश जन्माने कोल्हापूरचे, हे मराठी वाचकाला ठाऊक असावे.

सोलापूरच्या वस्तीला मात्र कोणा सेनापतीचे नाव चिकटले नाही. लोकांनी जे दिसले तेच म्हटले : फौज होती ते लष्कर, गोऱ्यांच्या बोलीत कॅम्प, आणि फौजेला किराणा-कापड पुरवणारा तो सदर बझार. पलटणी हलल्या, बाजार राहिला. मे १९३० मध्ये मार्शल लॉ पुकारला तेव्हा ‘लष्कर’ नावाची पेठ असलेल्या या शहरात खरे लष्कर बाहेरून आणावे लागले होते! राज्य राखीव पोलीस दलाचा गट आज सोरेगावला आहे, पण त्या भागाला कोणी लष्कर म्हणत नाही. पत्त्यात ‘उत्तर सदर बझार, लष्कर’ असे अजून लागोपाठ लिहितात. रिक्षावाल्याला नुसते ‘लष्कर’ पुरते.