स्क्रिप्टचे स्वतंत्र डेस्कटॉप ॲप

पायथॉनसारख्या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम), ती भाषा इन्स्टॉल नसलेल्या संगणकावरही डबल-क्लिकने चालावी म्हणून केलेले तिचे पॅकेज. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात किंवा वाशीच्या एपीएमसीतल्या (घाऊक बाजारातल्या) गाळ्यावर ही गरज हमखास पडते. एक्सेलवरून चलने काढणारी स्क्रिप्ट कुणी लिहून देतो, पण हिशेब सांभाळणाऱ्याच्या मशीनवर पायथॉन नसतो आणि टाकायची परवानगीही नसते.

यासाठी पायइन्स्टॉलर हे रूढ साधन आहे. ते स्क्रिप्टचा बाइटकोड (पायथॉनला चालवता येईल असे तिचे रूप), लागणाऱ्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) आणि तो कोड चालवणारा खुद्द इंटरप्रिटर यांची मोट बांधते, त्यामुळे दहा ओळींच्या स्क्रिप्टचेही काही एमबी होतात. न्युइटका हे साधन मात्र पायथॉनवरून सी भाषेतला कोड तयार करून तो कंपाइल करते, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवते. ऑटोहॉटकी या विंडोजवरच्या स्क्रिप्ट-भाषेला स्वतःचा कंपायलर आहे. मॅकवर शेल स्क्रिप्टसाठी (टर्मिनलमधल्या आज्ञांच्या यादीसाठी) प्लॅटिपस हे साधन वापरतात.

पॅकेज एका फाइलचे करावे की फोल्डरचे? गिऱ्हाइकाला एकच फाइल आवडते, पण टिकाऊ काम फोल्डरचेच. एकेरी फाइल दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडते, म्हणून उघडायला वेळ घेते. त्याहून फसवी गोष्ट सेटिंगची. स्क्रिप्टने स्वतःच्या जागेचा पत्ता ‘__फाइल__’वरून (__file__, पायथॉनमधले स्क्रिप्टच्या फाइलचा पत्ता देणारे नाव) काढला, तर तो त्या तात्पुरत्या फोल्डराचा निघतो; तिथे जपलेला शेवटचा चलन क्रमांक ॲप बंद होताच पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच नंबर पुन्हा छापला जातो. उपाय सोपा आहे: पत्ता ‘सिस.एक्झिक्यूटेबल’वरून (sys.executable, म्हणजे खुद्द ॲपच्या फाइलचा पत्ता) घ्यावा किंवा वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात (विंडोजमधली ॲपची माहिती ठेवायची जागा) लिहावे. टेम्पलेट आणि देवनागरी फॉन्ट मात्र पॅकेज करतानाच सोबत द्यावे लागतात, नाहीतर पीडीएफमध्ये नावांच्या जागी चौकोन उमटतात.

ॲप उघडताना काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, तर ते कमांड प्रॉम्प्टमधून (विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) चालवावे. चूक तिथे वाचता येते. बहुधा एखादे मॉड्यूल (स्क्रिप्टला लागणारी कोडची फाइल) पॅकेजमधून सुटलेले असते. कोड चालता चालता नाव जुळवून आयात केलेले मॉड्यूल पायइन्स्टॉलरला आपोआप सापडत नाही, ते वेगळे सांगावे लागते.

अँटिव्हायरस अशा फाइलींवर उगाच संशय घेतात, कारण मालवेअरवालेही हेच साधन वापरतात. डिजिटल सहीने त्रास कमी होतो. गुपित मात्र यात राहत नाही: बाइटकोड बाहेर काढता येतो, तेव्हा डेटाबेसचा पासवर्ड आत लिहू नये. शिवाय विंडोजचे पॅकेज विंडोजवरच बांधावे लागते. मॅकवर बांधलेले तिथे चालत नाही.