पुणे मावलं, पिंपरी-चिंचवड सांडलं

पावत्या छापणारा एखादा प्रोग्रॅम महिनोन्महिने बिनतक्रार चालतो आणि मग अधूनमधून बंद पडायला लागतो. कधी छापताना, कधी नुसता उघडा असताना. प्रोग्रॅमर आला की मात्र सुरळीत. असं दुखणं असेल तर मेमरीवर संशय घ्यायलाच हवा.

समजा, पुण्यातल्या एका दुकानासाठी सी भाषेत असा प्रोग्रॅम लिहिला आणि शहराच्या नावाला मेमरीत १० बाइट (एक बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराची जागा) मागितले. रोमन लिपीत ‘पुणे’ ४ बाइटांत बसतं. देवनागरीत यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीने प, उकार, ण, एकार यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. नाव संपल्याची खूण म्हणून येणारा शेवटचा शून्याचा बाइट धरून झाले १३. जागा कमी पडली, तरी बिघडत काहीच नाही! कारण ६४ बिटी लिनक्सवर १० बाइट मागितले तरी सहसा २४ वापरता येतात. चूक त्या शिलकीत दडून राहते.

मग पिंपरी-चिंचवडचं गिऱ्हाईक येतं. हे नाव शेवटचा शून्य धरून ३८ बाइटांचं. वरचे १४ बाइट शेजारी सांडतात, आणि तिथे मेमरीच्या पुढच्या तुकड्याचा (प्रोग्रॅमने मागून घेतलेल्या दुसऱ्या जागेचा) आकार नोंदवलेला असतो. ती नोंद पुसली गेली तरी प्रोग्रॅम चालूच राहतो. तो शेजारचा तुकडा परत करायची वेळ येते तेव्हा हिशेब जुळत नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो. तोवर नाव लिहिणारी ओळ केव्हाच मागे पडलेली असते. म्हणून कोसळलेल्या ओळीकडे तासन्‌तास बघत बसण्यात अर्थ नाही. ती बहुतेक वेळा निर्दोष असते.

खरा उपाय म्हणजे चूक घडते त्याच क्षणी प्रोग्रॅमला थांबवणं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन जोडून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला (यंत्राच्या भाषेत आणला), की प्रत्येक तुकड्याभोवती निषिद्ध पट्टा आखला जातो. पट्ट्यात पहिला बाइट पडताच प्रोग्रॅम थांबतो आणि कुठल्या ओळीने लिहिलं, जागा कुठे मागितली होती, दोन्ही सांगतो. वेग साधारण निम्मा होतो, पण तपासणीपुरतं ते परवडतं. पुन्हा कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड हे तयार प्रोग्रॅम तपासणारं साधन वापरावं. ते कितीतरी संथ आहे, पण कामाचं आहे. आणि चाचणीत मराठी नावं घालाच, तीही लांबलचक. हे फार जण टाळतात.

एकच नव्हे, वेगवेगळे प्रोग्रॅम कोसळत असतील तर मात्र रॅम, म्हणजे मेमरीची चिपच, तपासावी. मेमटेस्ट८६+ हा त्यासाठीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा, चूक दिसली की रॅमची एकेक पट्टी काढून बघायची. कधी कधी चांगल्या चिपमधलाही एखादा बिट उलटतो, म्हणजे ० चा १ होतो किंवा १ चा ०. बेल्जियममधल्या स्कारबेकमध्ये २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. हा आकडा म्हणजे २ चा बारावा घात, म्हणून एकच बिट उलटल्याचा संशय आला. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचं नावही पुढे आलं. सर्व्हरमधली ईसीसी (चूक दुरुस्त करणारी) मेमरी दर ६४ बिटांमागे किमान ८ जादा बिट ठेवते ती याचसाठी: एक बिट उलटला तर ती स्वतःच दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान ओळखते.