जनावरांचे श्वसनरोग (नाशिक जिल्हा)

नाक, घसा, श्वासनलिका आणि फुफ्फुसे यांना जंतू, विषाणू, कृमी किंवा दूषित हवा यांमुळे होणारे पाळीव व वन्य प्राण्यांचे विकार. ‘जनावर धापा टाकतंय’ एवढेच पशुपालक सांगतो. पण नाशिक जिल्ह्यात तालुका कोणता आणि महिना कोणता, हे विचारल्याशिवाय त्या धापेचा उलगडा होत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा भाताचा पट्टा पावसाळाभर ओलाचिंब असतो. येवला, नांदगाव, सिन्नर कोरडे. निफाडला तर हिवाळ्यात पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी दरवर्षीची.

या विकारांत सर्वांत घातक घटसर्प, म्हणजेच गळसुजी. माणसांच्या घटसर्पाशी याचे फक्त नाव जुळते, जंतू वेगळा. पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू काही धडधाकट जनावरांच्याही घशात दडून असतो. पहिल्या पावसात भिजणे, उन्हाळ्यात चाऱ्यावाचून झालेली उपासमार, भाताच्या चिखलणीत बैलावर पडलेला ताण, यांपैकी काहीही झाले की तो उचल खातो आणि लाळ-शेंबडातून, चाऱ्या-पाण्यातून शेजारच्या दावणीला पोचतो. गाईपेक्षा म्हशीला, त्यातही रेडकांना तो लवकर गाठतो. ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, लाळ गळते, घशाखाली गरम, दुखरी सूज येते आणि श्वासाची घरघर गोठ्याबाहेर ऐकू येते. खरे तर हा रक्तात विष भिनण्याचा रोग. फुफ्फुसे त्यात सापडतात. संध्याकाळी रवंथ करणारी म्हैस सकाळी मेलेली आढळते, ती यामुळेच. सल्फा किंवा ऑक्सिटेट्रासायक्लीन या जंतुनाशक औषधांचा उपयोग अगदी सुरुवातीलाच होतो. सूज दिसल्यावर फार थोडी जनावरे वाचतात. म्हणून भर लसीवर. लसीनंतर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा मृग लागण्याआधी, मे महिन्यातच ती टोचलेली बरी. घोटीच्या बाजारात नावाजलेल्या डांगी जातीची तेलकट कातडी सह्याद्रीच्या पावसाला दाद देत नाही, पण लस तिलाही चुकत नाही.

शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर हा विषाणुजन्य रोग मुख्य. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळला. नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, तोंडात व्रण, पातळ हगवण आणि शेवटी न्यूमोनिया असा त्याचा क्रम. २०११ मध्ये जगातून हद्दपार झालेल्या, गुरांच्या बुळकांडी रोगाचा तो जवळचा नातलग. एका टोचणीत साधारण तीन वर्षे संरक्षण मिळते. बाजारातून आणलेली शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी, हा सल्ला जुना असला तरी क्वचितच पाळला जातो.

काही न्यूमोनिया माणूसच ओढवून आणतो. पोटफुगीवर गोडेतेल पाजताना बैलाचे तोंड आभाळाकडे करून जीभ बाहेर ओढली, की तेल अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. ठसका लागताच हात थांबवून मान खाली सोडायला हवी. असा न्यूमोनिया औषधाने सहसा आटोक्यात येत नाही.

धाप लागली म्हणजे फुफ्फुसच बिघडले असेही नाही. लासलगावच्या कांदापट्ट्यात भाव पडले की सडका कांदा जनावरांपुढे टाकला जातो. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे तांबड्या पेशी फुटतात. लघवी लालसर-काळपट होते, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात आणि रक्त कमी झाल्याने जनावर धापा टाकू लागते. अशा वेळी न्यूमोनियाचे इंजेक्शन देऊन काही साधत नाही. कांदा थांबवावा लागतो. गाय याला शेळीपेक्षा जास्त बळी पडते.

कोंबड्यांत मानमोडी (राणीखेत) व मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा जुनाट श्वसनरोग हे नेहमीचे. थंडीत शेडचे पडदे पक्के बांधून घेतले, की ओल्या तुसातून अमोनिया साचतो आणि श्वासमार्गाचे अस्तर दुबळे होते. माणसाच्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर पक्ष्यांना आधीच त्रास सुरू झालेला असतो. भारतातील पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये नाशिक विभागातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. स्थलांतरित पाणपक्षी या विषाणूंचे वाहक ठरू शकतात. त्यामुळे गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमध्यमेश्वर या पाणथळीत (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) अचानक पक्षी मरू लागले तर त्यांना हात न लावता वनखात्याला कळवणे योग्य.

कुत्र्यांतील डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग नाक गळणे व खोकल्याने सुरू होतो आणि पुढे मेंदूपर्यंत जातो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत झालेल्या मृत्यूंमागे हाच विषाणू आढळला. निफाड-सिन्नरच्या उसात राहणाऱ्या बिबट्याचे भक्ष्य बहुधा गावचा कुत्राच असतो, आणि बिबट्यालाही हा रोग होऊ शकतो. पिल्लांना सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लस देतात; मळ्यावरच्या राखणीच्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र बहुतेकदा रेबीजचीच येते, तीही कोणाला तरी चावल्यावर.