बहात्तर पटींनी लहान विमान, उजेड मात्र तेवढाच

मिग-२१ च्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पसारा ७.१५ मीटर. १:७२ प्रमाणातलं मॉडेल जुळवलं की तो ९९ मिलिमीटर होतो, तळहातावर मावेल एवढा. नाशिकजवळ ओझरला हे विमान वर्षानुवर्षं बांधलं गेलं. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत ते हवाई दलात होतं. आता ते माझ्या टेबलावर तुकड्यातुकड्यांनी उभं राहतंय.

७२ हा आकडा फुटा-इंचांच्या हिशेबातून आला आहे. सहा फुटांचा एक इंच, म्हणजे सहाफुटी वैमानिक इंचभर उंचीचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने १९४२ साली शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातली लाकडी विमानं मोठ्या संख्येने करून घेतली. दहा मीटरवर धरलेलं मॉडेल ७२० मीटरवरच्या विमानाएवढं दिसतं, त्यामुळे आपलं आणि शत्रूचं विमान ओळखण्याचा सराव खोलीतल्या खोलीत करता येई.

आकार असा बहात्तर पटींनी आक्रसता येतो. पण रंगाचा थर, पाण्याचा थेंब आणि उजेड आक्रसत नाहीत. मॉडेलवरची निम्मी मेहनत याच एका अडचणीवर खर्च होते.

ब्रशने दिलेल्या रंगाचा थर सहज ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा होतो. त्याला ७२ ने गुणलं तर खऱ्या विमानावर साडेतीन मिलिमीटरचा लेप थापल्यासारखं झालं. रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या एअरब्रशने पातळ, अगदी विरळ हात मारत जायचं ते यासाठी. पत्र्यांच्या सांध्यांचं याच्या उलट आहे. किटवर, म्हणजे जुळवायच्या सुट्या भागांच्या संचावर, कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटर रुंद असली, तर खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरची फट होईल, करंगळीचं टोक शिरेल एवढी. विमानाच्या पत्र्यांत अशा फटी नसतात. तरी मला ही रेघ हवी असते, कारण ती हिशेबाने बारीक केली तर डोळ्याला दिसणारच नाही. चार मिलिमीटर माथ्याचा रिव्हेट या प्रमाणात केसाच्या जाडीचा उरतो.

लहान आकाराचा फायदा होतो तो फक्त जोडकामात. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. त्याचा सिमेंट, म्हणजे ते जोडायचा द्रव, गोंदासारखा मध्ये बसून दोन भाग धरून ठेवत नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो, दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत शिरतात, द्रावक उडून जातो आणि सांध्याच्या जागी सलग प्लास्टिक उरतं. हे एक प्रकारचं वेल्डिंगच. म्हणून जोडायच्या कडेवर रंग असेल तर तो आधी खरवडावा लागतो, नाहीतर सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोचत नाही. पातळ सिमेंट लावण्याची रीत तर बघत राहावी अशी आहे. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीच्या एका टोकाला ब्रश नुसता टेकवायचा. केशाकर्षणाने द्रव आपणहून सांध्यातून धावत जातो. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. माझ्या पहिल्या मॉडेलवर अशाच एका सांध्यावर माझा अंगठा होता. द्रव त्याच्याखालीही तसाच धावला आणि अंगठ्याचा ठसा पंखावर कायमचा उमटला.

रंगाच्या बाबतीत आपला पावसाळा आडवा येतो. लॅकर रंगातला द्रावक झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. जुलैमध्ये कोकणात किंवा मुंबईत हवा आधीच ओलीचिंब. त्या थंड थरावर बाष्प साचतं आणि चकाकणारा रंग पांढुरका, धुरकट होतो. अशा दिवशी एअरब्रशला हात न लावलेलाच बरा. सुरुवातीची मिग-२१ विमानं रंग न दिलेल्या धातूच्या अंगानेच उडत. ती चकाकी आणायला अॅल्युमिनियमच्या रंगाखाली चकचकीत काळं अस्तर देतात. रंगातल्या धातूच्या चपट्या कणांना गुळगुळीत बैठक मिळाली की ते आडवे पडतात आणि आरशासारखा उजेड परतवतात. खरखरीत पृष्ठभागावर तेच कण वेडेवाकडे बसतात आणि नुसती राखाडी छटा उरते.

डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं, यांनाही गुळगुळीतपणा लागतो. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्याच्या खळग्यांत डीकलखाली हवा अडकते, तिच्यावरून उजेड परततो आणि तिरंगी चक्राभोवतीची पारदर्शक फिल्म रुपेरी चमकू लागते. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डीकल, आणि विमानाला मॅट रूप हवं असेल तर मॅट थर सर्वांत शेवटी.

आता जुना वाद. खऱ्या विमानाचा नेमका रंग मॉडेलवर दिला तर तो गडद वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा, असं बरेच जण सांगतात. कारण म्हणून हवेतल्या धूसरपणाचं नाव घेतात. मला ते पटत नाही. तीस सेंटिमीटरवरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे साडेएकवीस मीटरवरचं विमान, आणि निरभ्र दिवशी एवढ्याशा हवेने रंग फिकट होत नाही. माझ्या मते खरा फरक उजेडाचा आहे. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, घरातल्या दिव्याखाली जेमतेम काहीशे. शिवाय सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा ठिपका, त्यामुळे उन्हातल्या सावल्या रेखीव. टेबलावरच्या विमानाला खिडकी केवढी तरी मोठी, तिचा उजेड सगळ्या बाजूंनी शिरतो आणि सावल्या विरघळतात. त्या हरवलेल्या सावल्या आपल्यालाच रंगवाव्या लागतात. सांध्यांत गडद रंगाचा पातळ वॉश सोडायचा, पत्र्यांच्या मध्यभागी छटा किंचित उजळायची. पांढरा मी मिसळतो, पण तो या सावल्यांच्या हिशेबाने.

वजनाचा हिशेब तर अजूनच निराळा. लांबी ७२ पटींनी घटली की आकारमान ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी घटतं. साडेपाच टनांचं रिकामं विमान या हिशेबाने सुमारे पंधरा ग्रॅमचं व्हावं, ए-फोर कागदाच्या तीन तावांएवढं. त्यातही खऱ्या मिगचं नाक रडार आणि यंत्रांनी भरलेलं असतं, मॉडेलचं मात्र पोकळ. तीन चाकांवर उभं केलं की ते शेपटीवर बसतं. म्हणून धडाचे दोन भाग जोडण्याआधी मासेमारीच्या गळाचं शिसं आत, अगदी पुढे, चिकटवून ठेवलंय.