पाळण्याचे वय: रोलर कोस्टर, रेल्वे आणि जत्रेतली यंत्रे

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा जत्रेत आकाशपाळण्यांबरोबर ड्रॅगन ट्रेनही उभी राहते. खान्देशातल्या पुष्कळांची रोलर कोस्टरशी पहिली ओळख तिथेच होते. मोठी यंत्रे, म्हणजे १९८९ मध्ये मुंबईच्या गोराईला सुरू झालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या एस्सेलवर्ल्डमधली किंवा २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिकात उभा राहिलेला ‘नायट्रो’, सहलीला गेल्यावर दिसणारी. तरी यंत्र जुने झाले की ते दुरुस्त करत चालवायचे, त्याचे भाग बदलायचे की ते मोडीत काढायचे, हा प्रश्न जत्रेत आणि उद्यानात सारखाच आहे. त्याची पार्श्वभूमी शोधू गेल्यास ती रेल्वेच्या इतिहासात सापडते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक येथे १८२७ मध्ये डोंगरातला कोळसा खाली आणण्यासाठी उताराची रेल्वे बांधली गेली. तिच्या डब्यांतून उतारावरून जाण्याची हौस लोकांना इतकी लागली की पुढे ती केवळ सहलीची गाडी होऊन राहिली. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन यांनी न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला खास करमणुकीसाठी अशीच उताराची रेल्वे उभारली. तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर होता. वेग वाढवण्यात अडचण होती, कारण चढाच्या माथ्यावर गाडी रूळ सोडून उडण्याची भीती असे. जॉन मिलर यांनी रुळाच्या खालच्या अंगाने फिरणाऱ्या चाकांचे पेटंट १९१९ मध्ये घेतले आणि ती भीती गेली. आज मोठ्या रोलर कोस्टरच्या डब्याला भार पेलणारी, बाजूने धरणारी आणि खालून अडकवून ठेवणारी अशी तीन प्रकारची चाके असतात. सर्वांत जास्त झिजतात आणि सर्वांत आधी बदलावी लागतात ती हीच.

यंत्राच्या म्हातारपणाचा विचारही रेल्वेतच सुरू झाला. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. चांगल्या लोखंडाचा आस नेहमीच्याच भाराखाली कसा तुटतो, हे कोडे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांतल्या प्रयोगांनी उलगडले. एका वेळी सहज पेलता येणारा भारही लाखो वेळा पडत राहिला तर धातू थकतो, त्यात केसासारखी चीर पडते, ती हळूहळू आत सरकते आणि एके दिवशी उरलेला भाग एकदम तुटतो. भुसावळच्या रेल्वे कामगारांना हे सांगावे लागत नाही. ठरावीक मुदतीने इंजिन पूर्ण उघडून तपासायचे, ज्याला ते पीओएच म्हणतात, आणि आसातली चीर ध्वनिलहरींनी शोधायची, हे त्यांच्या रोजच्या कामातले आहे. रोलर कोस्टरची तपासणी याच घराण्यातली आहे.

आखाजीला लिंबाच्या फांदीला झोका बांधताना दोर विसविशीत झाला असेल तर तो डोळ्यांना दिसतो. पोलाद असे आधी सांगत नाही. म्हणून पाळण्याचे वय वर्षांत मोजणे अपुरे आहे, ते फेऱ्यांत मोजले पाहिजे. एखादे यंत्र दर तीन मिनिटांनी एक फेरी याप्रमाणे दिवसाला आठ तास चालले, तर दिवसाच्या १६० फेऱ्या होतात. वर्षात ३०० दिवस चालल्यास ४८ हजार आणि वीस वर्षांत साडेनऊ लाखांहून अधिक. प्रत्येक फेरीत एकाच जोडावर अनेकदा ताण येतो, हे यात धरलेलेच नाही.

लाकडी रोलर कोस्टरला एक मोठी सोय आहे. त्याची कुजलेली फळी काढून नवी ठोकता येते, म्हणून कोनी आयलंडचा १९२७ चा ‘सायक्लोन’ अजून उभा आहे. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’साठी अ‍ॅरो या कंपनीने पोलादी नळीचा रूळ वापरला, तेव्हापासून वळणे घेणे सोपे झाले, पण नळी आतून गंजली तर बाहेरून कळत नाही आणि थकलेला जोड फळीसारखा सहज बदलता येत नाही. अ‍ॅरोनेच बनवलेला ओहायोतला ‘व्होर्टेक्स’ १९८७ मध्ये सुरू झाला आणि आयुर्मान संपल्याचे सांगून २०१९ मध्ये बंद केला गेला. तोवर अ‍ॅरो कंपनी दिवाळखोरीत निघून विकलीही गेली होती. जुनी यंत्रे चालवताना ही अडचण वारंवार येते, कारण बनवणाराच उरला नाही की सुटा भाग कुणाकडून करून घ्यायचा हा प्रश्न पडतो. टेक्सासमधल्या १९९० च्या लाकडी ‘टेक्सास जायंट’बाबत मधला मार्ग निघाला. लाकडी सांगाडा बहुतांशी ठेवून त्यावर पोलादी रूळ बसवला गेला आणि २०११ मध्ये तो नव्याने सुरू झाला.

हवामानाचा वाटाही मोठा आहे. पोलादाचा शंभर मीटर लांबीचा रूळ ३५ अंशांच्या फरकाने सुमारे ४२ मिलिमीटर लांबतो, आणि जळगाव-भुसावळकडे हिवाळ्यातली पहाट व मे महिन्यातली दुपार यांच्यात इतका फरक सहज पडतो. रूळ जखडून बांधला असेल तर हा सगळा ताण बोल्ट आणि जोडांवर जातो.

नियम मात्र बहुतेक वेळा अपघातानंतर कडक झाले. १९७२ मध्ये लंडनच्या बॅटर्सी उद्यानात चढावर ओढली जाणारी गाडी सुटून मागे घसरली, ती रोखणारी यंत्रणाही चालली नाही आणि पाच मुले गेली. अहमदाबादच्या कांकरिया येथे जुलै २०१९ मध्ये लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून कोसळला आणि दोघांचा मृत्यू झाला. अमेरिकेत कॅरोविंड्स उद्यानातल्या ‘फ्युरी’च्या खांबाला २०२३ मध्ये मोठी भेग पडली, ती आधी एका पाहुण्याच्या लक्षात आली. तो खांब बदलावा लागला, आणि ते यंत्र तेव्हा अवघे आठ वर्षांचे होते.

जत्रेतल्या यंत्रांच्या दृष्टीने मला जर्मनीची पद्धत सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे गावोगाव फिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या पाळण्याबरोबर त्याची तपासणी-वही असते. परवाना, नकाशे, दुरुस्त्या आणि तपासण्या तिच्यात नोंदलेल्या असतात, आणि नव्या गावी यंत्र उभे राहिले की तिथला अधिकारी ती वही पाहू शकतो. पाच वळशांचा ‘ऑलिंपिया लूपिंग’ हा रोलर कोस्टर १९८९ पासून असाच सुटा करून, ट्रकवर लादून फिरत आला आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची अशा यंत्रांसाठी मानके आहेत. पण सारंगखेड्याहून पुढच्या जत्रेला निघालेल्या ट्रकमध्ये त्या यंत्राच्या फेऱ्यांचा आणि बदललेल्या पिनांचा हिशेबही असायला हवा. तो नसला तर यंत्र दुसऱ्या मालकाकडे जाताना त्याचे खरे वय मागे राहते. नवा मालक त्याला ताजा रंग देतो, आणि वेल्डिंगच्या जोडावरची चीर चुंबकीय चाचणीने शोधायची झाल्यास तोच रंग आधी खरवडून काढावा लागतो.