चंद्रपूरखालची खचलेली जमीन

केनियातल्या त्या भेगेचा 2018चा व्हिडिओ अजून फॉरवर्ड होतोय, "आफ्रिका फाटली" म्हणून. ती भेग दिसली जोरदार पावसानंतर. पूर्व आफ्रिका खचतेय हे खरंच आहे, पण खंड काही कापडासारखा टर्रकन फाटत नाही, उगाच लोकांना घाबरवू नका. खचदरी, म्हणजे जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खाली बसतो ती दरी, कशी तयार होते ते बघायचं तर आपल्याकडेच एक जुनी आहे, गाळाने पार भरून गेलेली, चंद्रपूर-गडचिरोलीतून तेलंगणात जाणारी प्राणहिता-गोदावरीची.

तिथे गाळाचे खडक काही किलोमीटर जाड आहेत. मग आधी तेवढी खोल दरी पडली आणि नंतर भरली असणार, असंच कुणालाही वाटेल. पण तसं असतं तर खाली खोल पाण्यातला गाळ दिसला असता ना? दिसतं काय, तर अगदी तळाला हिमनदीने आणलेले गोटे (इरई गावाजवळ बर्फाने ओरखडलेला चुनखडक आहे, साधारण 30 कोटी वर्षांपूर्वीचा), त्यावर नदीची वाळू, दलदल, कोळसा, मग लाल माती, सिरोंचाजवळच्या कोटा गावाकडे उथळ तळ्यातला चुनखडक. सगळं उथळच! म्हणजे जमीन थोडी खचली, नद्यांनी भरून काढली, परत थोडी खचली, परत भरली, असं कोट्यवधी वर्षं चाललं.

कोळसा याचा सगळ्यात भारी पुरावा, कारण झाडपाला पाण्याखाली राहिला तरच कुजत नाही, जमीन हळू खचली तर तो उघडा पडून कुजतो आणि भरभर खचली तर वर तळं होऊन चिखल बसतो. वर्धा खोऱ्यात 15 मीटरच्या आसपास जाडीचा कोळशाचा थर आहे, दबण्याआधी तो पाला याच्या कितीतरी पट असणार, म्हणजे खचण्याचा वेग आणि पाला साठण्याचा वेग किती काळ जुळून राहिला बघा!

आणि खचणं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. एका कडेला मोठा फॉल्ट (खडकातली खोल भेग, जिच्यावरून एक बाजू खाली सरकते) असतो, त्या बाजूने जमीन जास्त उतरते, दुसरी कड नुसती कलते, त्यामुळे प्रत्येक थर फॉल्टकडे जाड होत जातो आणि जुना थर नव्यापेक्षा जास्त कललेला राहतो. प्राणहितेकडचे थर साधारण ईशान्येला कललेत ते यामुळेच.

वालुकाश्मात तिरपे पापुद्रे दिसतात, ते उतरतात त्या दिशेला पाणी वाहत होतं. कोळशाच्या काळातले पापुद्रे मोजले तर बहुतेक उत्तर-वायव्येकडे उतरतात, म्हणजे आज प्राणहिता दक्षिणेला जाते आणि त्या नद्या बरोब्बर उलट्या, तेव्हा शेजारी असलेल्या अंटार्क्टिकाकडून इकडे येत होत्या.